माझ्या चुका पाहायला खालापूरला

खोल विहिरीच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं, तर भर दुपारीही तारे दिसतात, असं मी एकदा छापलं होतं. मिरजेच्या एका साप्ताहिकात मी प्रुफं तपासत असे आणि शेवटच्या पानावर 'नवल' नावाचं सदर लिहीत असे. इतिहास आणि आकाश हे माझे दोन प्रांत. दोन्हीकडे कुणी तपासायला जात नाही, हा त्यांचा मोठा गुण, असं मी समजून चाललो होतो.

पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं.

'महोदय, आपल्या सांगण्यावरून विहिरीत उतरलो. सकाळी अकरा ते दुपारी एक थांबलो. तारा दिसला नाही. वरून पत्नी दिसली. ती काय बोलली ते येथे लिहीत नाही. आपण स्वतः उतरला होतात काय? कळावे. भागूराम गायकवाड, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा.'

मी उतरलो नव्हतो. मी उत्तरही पाठवलं नाही. पण गायकवाडांना माझ्या उत्तराची गरज नव्हती. महिन्यातून एक कार्ड ठरलेलं. चंद्रग्रहणांपेक्षा सूर्यग्रहणं कमी होतात, असं मी लिहिलं, तर कार्ड आलं: 'उलट आहे. सूर्यग्रहणे जास्त होतात. एकेका गावाला कमी दिसतात, एवढेच.' मी शोधलं, तर माणूस बरोबर होता. कोंडाण्याची लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असं लिहिलं, तर कार्ड: 'पांडव कर्जतला आल्याची नोंद कोठे आहे? आम्ही येथेच राहतो, आम्हांस माहीत नाही.'

मिरजेचं साप्ताहिक कुलाबा जिल्ह्यात पोचायचं कसं, हे कोडं मला बरेच दिवस होतं. मग त्यांनीच लिहिलं. ते रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते आणि तिथला आमच्याकडचा एक फिटर डब्यातल्या भाकरी आमच्या अंकात गुंडाळून आणी. भाकरी त्याची, अंक गायकवाडांचा.

१९८० सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं. खाली कर्नाटकात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास, पण चांगलं जाडजूड. त्याच्या आधी कार्ड आलं: 'ग्रहणास आमच्याकडे या. दोन दिवस आधी या, म्हणजे आपल्या जुन्या चुकाही दाखवता येतील.'

इतकं आग्रहाचं आमंत्रण मला आयुष्यात आलं नव्हतं. मी रजा टाकली.

कर्जत, गुरुवार

मला न्यायला येणाऱ्या माणसाचं चित्र मी मनात पक्कं केलं होतं: जाड चष्मा, खादीचा झब्बा, काखेत ग्रंथ, कपाळावर आठी. फलाटावर तसा एक गृहस्थ दिसलाही. मी पुढे होऊन नमस्कार केला, तर तो म्हणाला, "मी टीसी आहे. तिकीट?"

तिकीट खिशात शोधत असताना मागून कुणी तरी माझी पिशवी उचलली. बुटका, दणकट, पन्नाशीचा माणूस. टेरेलिनचा पांढरा शर्ट, उजव्या हातावर भाजल्याचा जुना डाग आणि चेहऱ्यावर असं हसू, की या माणसाने मला पंचवीस कार्डं पाठवली असतील हे खरं वाटेना.

"नवलवाले ना? मी गायकवाड. चला, आदी वडा खावा."

कर्जतच्या फलाटावरचा बटाटेवडा मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. आमच्याकडे वडा म्हणजे पोट भरण्याचा उद्योग. इथला हलका, आत आलं-मिरची सढळ, आणि पावाबरोबर लसणाची कोरडी चटणी. मी तीन खाल्ले. गायकवाड समाधानाने पाहत होते.

"चांगला हाय ना? याच्याबद्दल तुमी अजून काय लिवलं नाय, म्हनून चांगला रायलाय."

घरी न जाता आम्ही थेट कोंडाण्याला निघालो. एस.टी.ने कोंडिवडे आणि तिथून पायी. माझ्या हिशेबी ती वाट तासाभराची होती. माझे हिशेब कसे असतात हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आलं असेल. रान वाळलेलं होतं, पळस मात्र ऐन भरात. दोन तासांनी लेणं दिसलं तेव्हा मी पांडवांविषयी काहीही कबूल करायला तयार होतो.

पण समोर उभा राहिलो आणि दमणूक विसरलो. डोंगराच्या पोटात एवढं मोठं प्रार्थनाघर. दर्शनी भागावर कमानी, सज्जे, कठडे, तुळयांची टोकं, सगळं हुबेहूब लाकडी बांधकामासारखं आणि सगळं दगडात कोरलेलं. त्या तुळयांवर कसलाही भार नाही. डोंगर आपला आपण उभा आहे.

"मग तुळया कशाला?" मी विचारलं. सदर चालवणाऱ्याने असं विचारू नये, पण आता लाज कुणाची धरायची?

"आदी लाकडाचंच काम करत असनार ते लोक," गायकवाड म्हणाले. "पिढ्यान् पिढ्या. दगड हातात आला तरी हात ऐकंना. आमच्या कारखान्यात कोळश्याचा बॉयलर गेला, तेलाचा आला. पयले सहा महिने मी तेलाच्या बॉयलरपुढं फावडं घेऊनच उभा असायचो."

कमानीच्या एका बाजूला मोठा, झिजलेला दगडी चेहरा आहे. त्याच्या जवळ जुन्या लिपीतली एक ओळ. गायकवाडांना ती वाचता येत नव्हती, पण अर्थ पाठ होता. लेणी पाहायला आलेल्या कुणा अभ्यासू बाईंनी त्यांना तो सांगितला होता: अमक्याच्या शिष्याने, तमक्याने, हे केलं. दोन हजार वर्षं झाली, डोंगराची कड ढासळली, चेहऱ्याचं नाक गेलं, आणि कारागिराचं नाव राहिलं. त्यातही आधी गुरूचं, मग आपलं.

"पांडवांचं कुटं दिसतंय का बगा," गायकवाड गंभीरपणे म्हणाले.

मी सगळीकडे पाहिल्यासारखं केलं.

मग त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन मोडक्या स्तूपासमोर हात जोडले आणि थोडा वेळ स्वस्थ बसून राहिले. त्यांच्या घराण्याने छप्पन सालानंतर लगोलग बौद्ध धम्म घेतला होता. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो तेव्हा मी विचारलं, ग्रहणाचं एवढं वेड कुठून लागलं?

"आजीमुळं," ते म्हणाले. "मी पाच-सात वर्सांचा आसंन. गिरान लागलं की आजी टोपली घेऊन निघायची. मी तिच्या पदराला धरून मागं. घराघरापुढं वरडायचं, 'दे दान, सुटे गिरान!' लोक वरून जुनं लुगडं टाकायचे, मूठभर दानं टाकायचे. अंगाला अंग लागू नये म्हनून वरून. आजी खाली बगून गोळा करायची. मला वाटायचं, एवढं आबाळात चाललंय आनि आपन तेवढे खाली बगतोय." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "आमच्या घरात आता गिरान पाळत नाय. बगतात."

मी या विषयावर 'नवल'मध्ये दोन वेळा लिहिलं होतं. राहू-केतू, पुराणकथा, चीनमधला ड्रॅगन, सगळं होतं. टोपली नव्हती.

संध्याकाळी पळसदरीवरून खोपोलीची गाडी धरून त्यांच्या गावी पोचलो. कुडाच्या भिंतींचं, नळीच्या कौलांचं घर. गायकवाडांच्या पत्नी सीताबाईंनी दारात माझ्या पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "तेच का हे, विहिरीवाले?"

"तेच," गायकवाड म्हणाले.

सीताबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मला वाटलं, जवान मानूस आसंल," त्या म्हणाल्या. "तुमचं वय तर बरंच हाय." म्हणजे या वयात तरी अक्कल यायला हवी होती, हे त्यांनी पाहुणा म्हणून बोलायचं टाळलं. रात्री तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे जेवण सुरू होण्याआधीच पक्वान्न. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

उंबरखिंड, शुक्रवार

उंबरखिंडीच्या लढाईबद्दल मी लिहिलं होतं, की ती खंडाळ्याच्या घाटात झाली आणि मोगलांची फौजच्या फौज कापली गेली. दोन वाक्यं, दोन चुका. ही माझी नेहमीची सरासरी.

सकाळी निघताना गायकवाड म्हणाले, "नवलवाले, पाणी घ्या." मी म्हणालो, "नदी आहे ना तिथे?" सोबत अंबा नदी आहे हे मी नकाशात पाहून ठेवलं होतं. नकाशात ती निळी होती.

फेब्रुवारीत अंबा म्हणजे गोटे. मधून मधून एखादं डबकं, त्यात म्हशी. आम्ही पात्रातूनच चालू लागलो. दोन्ही बाजूंना झाडी दाटत गेली, उंचवटे जवळ येत गेले आणि ऊन मात्र बरोबर डोक्यावर. मी मिरजेहून नव्या करकरीत कातडी चपला घालून आलो होतो. पहिल्या शेवाळलेल्या गोट्यावर उजवी घसरली, दुसऱ्यावर डावी. तिसऱ्या गोट्यावर मी बसलो, म्हणजे माझ्या इच्छेने नव्हे. चपलेचा अंगठा निघाला.

"मोगलांचं पन असंच झालं आसंल," गायकवाड मागे वळून म्हणाले. "घोडी घाटावरची. हितले गोटे त्यांना काय ठावं?"

मग चालता चालता त्यांनी लढाई सांगितली. मोगल सरदार घाटावरून फौज घेऊन कोकणात उतरला. वाट इतकी चिंचोळी की फौजेची लांबच लांब शेपूट झाली. महाराजांची माणसं झाडीत आधीच बसलेली. पुढची वाट बंद, मागची बंद, वरून दगड आणि बाण. फौजेला ना पाणी, ना वारा. तेव्हा त्या सरदाराच्या सैन्यात एक बाई होती, स्वतः तलवार चालवणारी. तिने त्याला चांगलं खडसावलं: सिंहाच्या जाळीत शिरलास, आता शरण जा, नाही तर सगळे मरू. त्याने ऐकलं. महाराजांनी सामानसुमान ठेवून घेतलं आणि माणसांना जाऊ दिलं.

"म्हंजे लढाई संपवली कुनी?" गायकवाडांनी विचारलं. "तिनं. आनि तुमी सगळ्यांना मारून टाकलंत. दोन ओळीत."

त्या जागी तेव्हा काहीच नव्हतं. ना खांब, ना पाटी. नदीच्या काठाने उंबरं, चार गाई आणि घशाला कोरड पडलेला मी. थोडा वेळ मी हट्टाने तहान लागली नाही असं दाखवलं. मग म्हटलं, "गायकवाड, मी शरण."

त्यांनी पिशवीतून वाळक्या भोपळ्याचा, पाण्याने भरलेला दुध्या काढला. दोन माणसांचं पाणी त्यांनी सकाळीच घेतलं होतं.

तुटकी चप्पल सुतळीने बांधून दुपारी परत आलो, तर ओटीवर एक ठेंगणी, ताठ कण्याची बाई बसलेली. शेलूहून आलेल्या हौसाबाई, म्हणजे गायकवाडांच्या सुनेच्या आई. सून सुनंदा सातव्या महिन्याची गरोदर होती. नवरा कारखान्यात पाळीवर. उद्या ग्रहण, म्हणून आई लेकीला सांभाळायला आली होती.

"उद्या दिवसभर पोर आतल्या खोलीत ऱ्हानार," हौसाबाईंनी जाहीर केलं. "अन्न नाय, पानी नाय, विळीला हात नाय."

"आवो विहीनबाई, आपल्याकडं आता हे पाळत नाय," गायकवाड म्हणाले.

"धरम बदलला व्याही, मी बी बदलला. पोटातलं पोर बदलतं का?" आणि त्यांनी पिशवीतून एक घडी काढली. "आनि हे काय जुन्या लोकांचं नाय. छापलेलं हाय. सुनंदा, वाच गं."

सुनंदाने घडी उलगडली. फळीवर अंथरायला तिने सासरहून माहेरी जुन्या अंकांचा गठ्ठा नेला होता, त्यातला हा एक. ती शांत आवाजात वाचू लागली: "'परदेशातील काही शास्त्रज्ञांचे असे मत आहे की, ग्रहणकाळी सूर्यातून एक प्रकारचे अदृश्य किरण निघतात. ते शिजलेल्या अन्नात मुरतात व गर्भवतीस बाधतात.'"

वर ठळक अक्षरांत 'नवल' होतं.

ती ओळ मला चांगली आठवत होती. एक जाहिरात ऐनवेळी गळली, छापखान्यातला जुळारी म्हणाला पाच ओळी कमी पडतात, आणि समोरचा चहा निवेपर्यंत मी त्या पाच ओळी लिहिल्या. शास्त्रज्ञ माझे, किरण माझे. परदेश तेवढा खरा.

"विहीनबाई," गायकवाड म्हणाले, "ते लिवनारे हेच की."

हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमीच? देवासारके आलात. आता सांगा यांना."

वाचकहो, मी सहा वर्षं सदर लिहीत होतो. एवढ्या काळात माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस मला प्रत्यक्ष भेटला तो हा पहिला.

"कोन शास्त्रज्ञ?" गायकवाडांनी मला विचारलं. हा अंक त्यांच्या नजरेतून निसटला होता.

"परदेशातले."

"कनच्या देशातले?"

"थंड," मी म्हणालो. "थंड देशातले. संशोधन अजून चालू आहे."

गायकवाड माझ्याकडे बघत राहिले. पंचवीस कार्डांपेक्षा ती नजर जड होती. सुनंदाने अंकाची घडी घालून आईच्या हातात दिली आणि आत गेली.

शनिवार, ग्रहण

सकाळपासून गाव निजल्यासारखं. आमच्या मिरजेतही ग्रहण पाळतात, पण तिथे निदान चौकात दोन टवाळ तरी असतात. इथे गुरं बांधलेली, विहिरीवर कुणी नाही, दारं ओढून घेतलेली. हौसाबाईंनी पहाटेच स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. सीताबाईंनी भाकऱ्या आणि बिरडं करून ठेवलं होतं, त्यावर तुळशीचं पान टाकून सगळं झाकलेलं. खायचं की नाही या वादात सगळ्यांचंच जेवण राहिलं.

दुपारी हौसाबाईंनी सुनंदाला माजघरात नेलं. खिडकीला गोणपाट ठोकलं. दाराच्या फटीत लुगडं कोंबलं. आतून कडी. जाताना सुनंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानदाराने वजन बरोबर केलंय ना, अशा नजरेने आपण त्याच्याकडे पाहतो, तसं.

गायकवाड आणि मी परसात उभे राहिलो. आमच्याशिवाय बाहेर फक्त एक शेळी. मी मिरजेहून दिव्यावर काजळी धरलेली काच आणली होती, रुमालात गुंडाळून. रुमाल उघडला तर काजळी सगळी रुमालाला आणि काच स्वच्छ. घाम पुसायला तोच रुमाल मी सकाळी वापरला होता.

"तरीच सकाळपास्नं तोंड काळं दिसतंय," गायकवाड म्हणाले. त्यांनी कारखान्यातून वेल्डिंगची सर्वांत काळी काच आणली होती. "काजळीच्या काचंनं डोळे जातात. तेबी तुमी एकदा लिवलंवतं, घरच्या घरी काच करा म्हनून."

अडीचच्या सुमारास सूर्याच्या कडेला पहिला चावा दिसला. मी काचेतून पाहिलं आणि उगीच हळू आवाजात बोलू लागलो. हळूहळू चावा वाढला. ऊन पिवळं होतं ते राखी झालं. सावल्या अशा रेखीव झाल्या की शेळीच्या दाढीचे केस मोजावेत. साडेतीन वाजून गेले, सूर्याची कोर उरली, वारा गार लागू लागला, आणि त्याच क्षणी घरातून किंकाळी आली.

"आत आलं! आवो, आत आलं!"

हौसाबाईंचा आवाज. आम्हा दोघांच्याही मनात एकच आलं: सातवा महिना, दिवस भरले नाहीत, आणि पोर उपाशी. गायकवाड धावले. मीही धावलो, पण घाईत गोठ्याकडे. तिथून परतून आत शिरलो तेव्हा माजघराची कडी निघाली होती. दारात हौसाबाई उभ्या.

"सगळं बंद केलंय मी. खिडकी, दार, फटी. हे आत कुटून आलं?"

मी खोलीत पाहिलं. गच्च अंधार. आणि त्या अंधारात, जमिनीवर, भिंतीवर, गोधडीवर, उतरंडीच्या मडक्यांवर, सगळीकडे चंद्रकोरी. बोटाच्या पेराएवढ्या, लखलखीत, पन्नास-साठ तरी असतील, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. मधोमध सुनंदा पाय पसरून बसली होती. तिने हात पुढे केला होता आणि तळहातावर तीन कोरी झेलल्या होत्या.

"मामा, भिऊ नका," ती सासऱ्यांना म्हणाली. "बगा तरी."

गायकवाडांनी मला विचारलं, "नवलवाले, हे काय?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी बऱ्याच वर्षांनी उच्चारत होतो. "तुम्हाला?"

"नाय."

"कवडसे हायत की," सुनंदा म्हणाली. "रोज दुपारी पडतात. कौलांतनं. रोज गोल पडतात." तिने वर बोट केलं. "भोकं बगा. एक तरी गोल हाय का? कुटं फट, कुटं तिकोन. तरी कवडसा गोलच. मला कायम वाटायचं, असं का? आज समजलं. तो भोकाचा आकार नाय, सूर्याचाच हाय. रोज सूर्यच पडलेला असतो हितं. आज सूर्य कोरीचा झाला, तर कवडसे कोरीचे."

गायकवाडांनी काच उचलली आणि बाहेर धावले. धावत आत आले. जमिनीकडे पाहिलं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

"उलटा हाय!" ते ओरडले. "वर कोर एकीकडं, खाली दुसरीकडं! भोकातनं येताना सूर्य उलटतोय, बराबर हाय पोरीचं!" लढाई जिंकल्यासारखे ते घामाने निथळत होते. आम्ही दोघं बाहेर एका काळ्या काचेतून एक सूर्य पाहत होतो, आणि हौसाबाईंनी लेकीला ग्रहण दिसू नये म्हणून अख्ख्या गावात सर्वांत उत्तम पाहायची सोय करून दिली होती.

किंकाळी गावाने ऐकली होती. समोरच्या शेतकऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या राधाकाकू डोक्यावर सूप धरून अंगणात आल्या. ग्रहण अंगावर पडू नये म्हणून सूप. "बाळंत झाली का गं?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"नाय काकू. गिरान घरात आलंय," सीताबाई म्हणाल्या. "बगायचं तर या."

राधाकाकू उंबरठ्याशी थांबल्या. सुपाखालून आत पाहिलं. मान आणखी पुढे केली. "आत यिऊ का?" त्यांनी विचारलं.

"या की," सीताबाई म्हणाल्या, आणि जरा बाजूला झाल्या.

सीताबाईंनी मला मागाहून सांगितलं, की समोरासमोर राहून इतकी वर्षं झाली, पण राधाकाकू ओटीच्या आत त्या दिवशी पहिल्यांदा आल्या. आल्या त्या सरळ सुनंदाच्या शेजारी गोधडीवर बसल्या आणि स्वतःच्या लुगड्यावर पडलेली कोर निरखू लागल्या.

मग कुणी डोक्यावर पाट घेऊन आलं, कुणी छत्री, कुणी गोधडी. घरात बसूनच ग्रहण पाहायचं म्हणजे नियम मोडत नाही, असं प्रत्येकाचं म्हणणं. त्या घरात यायला ग्रहणातूनच चालत यावं लागलं, हे कुणी बोललं नाही. माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. गायकवाड प्रत्येकाला कौलं, फटी, सूर्य, कोर समजावत होते, आणि दर वेळी शेवटी म्हणत, "हे आमच्या सूनबाईनं शोधलं." सगळं गाव त्यांच्या घरात बसून ग्रहण पाहत होतं आणि कुणाच्या हातात टोपली नव्हती.

कोरी हळूहळू जाड होऊ लागल्या. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "आई, भूक लागली."

सगळ्यांच्या माना हौसाबाईंकडे, आणि हौसाबाईंची मान माझ्याकडे.

"ओ नवलवाले," त्या म्हणाल्या. "गिरान अजून हाय. पोरीनं खाल्लं तर काय हुतं? तुमच्या त्या थंड देशातल्यांनी काय सांगितलंय, खरं सांगा."

खोलीत पंचवीस माणसं. माझ्या सदऱ्यावर दोन-तीन सूर्य. गायकवाड माझ्याकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. आजीसारखं खाली. ते मला सोसवेना.

"काही होत नाही," मी म्हणालो. "थंड देशातलं कुणी काही सांगितलेलं नाही. ते मी लिहिलं. मनानं. पानावर पाच ओळींची जागा उरली होती."

हौसाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "म्हंजे माजी गरवार पोर सकाळपास्नं उपाशी हाय, ती तुमची जागा भरायची म्हनून?"

मी मान खाली घातली. कुणीतरी मागे खुसखुसलं. गायकवाडांनी वर पाहिलं, आणि काल दुपारनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ते कर्जतच्या फलाटावरचं हसू आलं.

हौसाबाई उठल्या. तुळशीचं पान काढून बाजूला ठेवलं आणि ताट वाढून लेकीपुढे आणलं: भाकरी, बिरडं, कांद्याची फोड. कांदा तिथेच, सगळ्यांदेखत, विळीवर चिरला. भाकरीवर दोन कवडसे पडले होते, आता अर्ध्याहून भरलेले. सुनंदाने त्यांच्यासकट भाकरी मोडली आणि खाल्ली. राधाकाकू डोळे विस्फारून पाहत होत्या. काही झालं नाही. एप्रिलात तिला मुलगी झाली, चांगली धडधाकट, हे इथेच सांगून टाकतो.

मग हौसाबाईंनी सीताबाईंना वाढलं, गायकवाडांना वाढलं, नको नको म्हणणाऱ्या राधाकाकूंच्या हातावर चतकोर ठेवला. भाकऱ्या घरभर फिरल्या. मी पहाटेपासून उपाशी होतो. मीही सरकून पंगतीत बसलो आणि हात पुढे केला.

"तुमी नाय," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी गिरान सुटल्यावर."

मी गायकवाडांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसती मान हलवली, हौसाबाईंच्या बाजूने.

ग्रहण सुटायला पाच वाजत आले. त्या गावात त्या दिवशी ते शास्त्रोक्त पाळलेला माणूस मी एकटाच.